बॅटरीवाले प्राध्यापक जॉन गुडइनफ



मागे एकदा आमच्या रात्रीच्या वर्गात एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला. पाटी बाजूला ठेवून त्यांनी कमरेची पिशवी उघडली. आतून बटणांचा मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "गुरुजी, घरात दिवा लावायचा तर तार ओढून आणावी लागते. विहिरीवर मोटार बसवायची तर खांब उभा करावा लागतो. मग ह्या एवढ्याशा डबीत वीज राहते कशी? आणि ती आत भरायची युक्ती काढली तरी कुणी?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला अर्धेमुर्धे येत होते. दुसऱ्याचे मुळीच येत नव्हते. मी म्हटले, "बाई, मला चार दिवस द्या." घरी गेलो, पुस्तके काढली, वाचले. वाचता वाचता एका माणसाची हकीकत हाती लागली, ती मला फार आवडली. तीच आज तुम्हाला सांगतो.

माणसाचे नाव जॉन गुडइनफ. हे अमेरिकेतले गृहस्थ. इंग्रजीत त्या आडनावाचा अर्थ 'पुरेसा चांगला' असा होतो. आडनाव साधेच आहे, पण माणूस साधा नव्हता. मोबाइलच्या बॅटरीचा मुख्य भाग त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोधून काढला. एकट्याने सगळे केले असे मात्र नाही. आणखी दोघांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यांची नावे पुढे येतील.

जॉनचा जन्म २५ जुलै १९२२ रोजी जर्मनीतल्या येना गावी झाला. आईबाप अमेरिकन होते. बालपण अमेरिकेतच गेले. वडील पुढे येल नावाच्या मोठ्या विद्यापीठात धर्मांच्या इतिहासाचे प्राध्यापक झाले. म्हणजे घरात पुस्तकांची काही उणीव नव्हती. आणि अशा घरातल्या ह्या मुलाला वाचता येईना!

अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे नीट बसत नसत. दुसरी मुले धडाधडा धडा वाचत, आणि हा एकेका ओळीवर अडखळत बसे. असे होण्याचे कारण त्या काळी कोणी ओळखले नाही. आज डॉक्टर लोक ह्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धी चांगली असते, डोळे चांगले असतात, पण अक्षर आणि आवाज यांची गाठ मनात चटकन पडत नाही. असे मूल आळशी नसते आणि मंदही नसते. त्याला वेगळ्या रीतीने आणि धीराने शिकवावे लागते. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी चौथीच्या वर्गावर होतो तेव्हा एक मुलगा 'ब' आणि 'व' यांत नेहमी गोंधळ करायचा. 'नदी' लिहायला सांगितले तर 'दनी' लिहायचा. तोंडी हिशेब मात्र इतका पक्का, की बाजारातला वाणीसुद्धा त्याच्यापुढे हरावा. मी त्याला मागच्या बाकावर बसवला आणि 'ढ' म्हणालो. एकदा नव्हे, पुष्कळदा म्हणालो. पुढल्या वर्षी तो शाळेत आलाच नाही. गुडइनफसाहेबांची हकीकत वाचताना मला त्या मुलाचा चेहरा आठवत होता.

असो. जॉनने काय केले? त्याने आपल्यापरीने वाट काढली. जिथे वाचन कमी आणि विचार जास्त, असे विषय त्याने जवळ केले. गणितात आकडे होते, मोजक्या खुणा होत्या. तिथे त्याचे मन रमले. वाचायलाही तो शिकला, पण नेटाने, स्वतःशी झगडून. पुढे त्याला एका नामांकित निवासी शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. तिथून तो येल विद्यापीठात गेला. घराशी त्याचे फारसे जमत नसे. श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या करून त्याने आपला खर्च भागवला आणि गणिताची पदवी मिळवली.

तेवढ्यात दुसरे महायुद्ध आले. जॉन अमेरिकेच्या विमानदलात हवामान सांगणारा अधिकारी झाला. आज ढग कुठे आहेत, वारा कसा वाहील, विमानाने निघावे की थांबावे, हे सांगण्याचे ते काम. अटलांटिक महासागरात अझोर्स नावाची बेटे आहेत. तिथे त्याची नेमणूक होती.

युद्ध संपले. लढाईहून परतलेल्या हुशार तरुणांना पुढे शिकवायचे असे सरकारने ठरवले. जॉनला शिकागोच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकण्याची संधी मिळाली. भौतिकशास्त्र म्हणजे उजेड, उष्णता, वीज, लोहचुंबक यांचा अभ्यास. तो नाव घालायला गेला तेव्हा तिथल्या एका शिक्षकाने त्याला ऐकवले, की ज्यांनी ह्या शास्त्रात काही मोठे करून दाखवले, त्यांचे काम तुझ्या वयाला पुरे झाले होते. अरे, तू आता सुरुवात करणार? जॉन तेव्हा पंचविशीच्या आसपास होता!

मंडळी, तुमच्यापैकी कोणी पन्नाशीला 'अ आ इ' गिरवायला बसला असेल, तर शेजारीपाजारी काय बोलतात हे तुम्हाला मी सांगायला नको. जॉनने ते बोलणे ऐकून घेतले आणि नाव घातले. शिकागोला एन्रिको फर्मी यांच्यासारखे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ शिकवायला होते. १९५२ साली जॉनला डॉक्टर ही पदवी मिळाली. ही औषध देणाऱ्या डॉक्टरची पदवी नव्हे बरं का. एखाद्या विषयात स्वतः नवा शोध केला, म्हणजे विद्यापीठ ही पदवी देते. त्याच्या आदल्या वर्षी त्याचे आयरीन हिच्याशी लग्न झाले होते. त्यांना मूलबाळ झाले नाही. आयरीनबाई २०१६ साली वारल्या. त्यांचा संसार पासष्ट वर्षांचा झाला.

आता आपण जॉनला गुडइनफसाहेब म्हणू.

शिक्षण झाल्यावर ते बॉस्टन शहराजवळच्या एका प्रयोगशाळेत लागले. तिचे नाव लिंकन लॅबोरेटरी. तिथे त्यांनी चोवीस वर्षे काम केले. त्या वेळी कॉम्प्युटर नवीनच निघाले होते आणि त्यांना आठवण ठेवायला काही साधन हवे होते. ह्या मंडळींनी बारीक बारीक कड्या केल्या. बाहुलीच्या बांगड्या असाव्यात तशा, पण त्याहूनही लहान. त्या लोखंडाच्या गंजासारख्या पदार्थापासून भाजून केलेल्या असत. कडीचे चुंबक एका बाजूला फिरवले की 'हो', दुसऱ्या बाजूला फिरवले की 'नाही'. अशा हजारो कड्यांत कॉम्प्युटर आपली आठवण साठवी.

कुंभाराला माती कळते. ह्या शेतातली माती मडक्याला चालेल, त्या शेतातली विटेला, हे तो हातात घेऊन सांगतो. लोहाराला लोखंड कळते. गुडइनफसाहेबांचे शास्त्र त्याच जातीचे. कोणता पदार्थ आत कसा रचलेला आहे, त्यातले अणू एकमेकांना कसे धरून बसले आहेत, आणि म्हणून त्याच्याकडून कोणते काम करून घेता येईल, हे पाहायचे. अणू म्हणजे कोणत्याही पदार्थाचा अगदी लहान कण. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कुंभाराला हे ज्ञान हाताने येते. ह्यांना ते गणिताने आणि भट्टीने आले.

१९७३ साली जगात तेलाची टंचाई झाली. अरब देशांनी तेल आखडते घेतले आणि भाव भडकले. अमेरिकेत पेट्रोलच्या पंपावर मोटारींच्या रांगा लागल्या. तेलावाचून चालेल अशी काही सोय केली पाहिजे, असे गुडइनफसाहेबांना तळमळीने वाटू लागले. पण त्यांची प्रयोगशाळा लष्कराच्या पैशावर चाले. तिथे असले काम करायला मुभा नव्हती. तेव्हा इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले. रसायनशास्त्राच्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे प्रमुख व्हा, म्हणून.

गंमत पाहा. पदवी गणिताची. डॉक्टरकी भौतिकशास्त्रातली. आणि प्रमुखपद रसायनशास्त्राचे! १९७६ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, साहेब ऑक्सफर्डला गेले आणि रसायनाचे प्राध्यापक झाले. आपल्याकडे चौपन्नाव्या वर्षी माणूस पेन्शनीचे कागद जमवू लागतो.

प्राध्यापक म्हणजे नुसता फळ्यापुढे उभा राहून शिकवणारा, असे तुम्ही समजू नका. विद्यापीठातल्या प्राध्यापकाचे निम्मे काम शोधाचे. देशोदेशीचे तरुण त्याच्या हाताखाली येतात. तो त्यांना प्रश्न नेमून देतो. पोरे दिवसरात्र प्रयोग करतात. खलात पावडरी घोटतात, त्यांची वडी दाबतात, भट्टीत भाजतात आणि काय निपजले ते मोजतात. चांगले काही हाती आले तर सगळ्यांच्या नावाने छापतात, म्हणजे जगातल्या कोणालाही ते पडताळून पाहता येते. शंभरातले नव्वद प्रयोग फुकट जातात. ते फुकट गेलेले कोणी छापत नाही, म्हणून आपल्याला वाटते की शास्त्रज्ञ उठला आणि शोध लावून मोकळा झाला.

आता बाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. डबीत वीज कशी राहते?

लिथियम नावाचा एक धातू आहे. धातूंमध्ये तो सर्वांत हलका. इतका हलका की पाण्यावर तरंगतो, आणि इतका मऊ की चाकूने कापता येतो. पण मोठा भांडखोर. पाणी लागले की फसफसतो, तापतो. ह्या लिथियमच्या अणूजवळ एक वीजकण असतो. तो कण सोडून द्यायला लिथियम नेहमी एका पायावर तयार. ह्या वीजकणाला इलेक्ट्रॉन म्हणतात. तारेतून असे वीजकण वाहू लागले की त्यालाच आपण वीज म्हणतो.

बॅटरीच्या डबीत दोन कोठारे असतात. मधे एक ओलसर पातळ पडदा असतो. बॅटरी चार्जिंगला लावली की लिथियम पहिल्या कोठारातून निघून पडद्यातून दुसऱ्या कोठारात जाऊन बसते. त्याच्या वीजकणाला मात्र पडद्यातून जाऊ देत नाहीत. त्याला बाहेरच्या तारेने जावे लागते. चार्जिंग म्हणजे गडी लोकांना ढकलून डोंगरावर चढवण्यासारखे आहे. मग आपण मोबाइल वापरतो तेव्हा काय होते? डोंगरावरून माणसे उतरू लागतात. लिथियम आतल्या वाटेने खाली येते आणि वीजकण बाहेरच्या वाटेने. बाहेरच्या वाटेवर तुमचा मोबाइल आडवा बसलेला असतो. वीजकण जाता जाता त्याचे काम करून जातो. सगळे उतरून आले की बॅटरी 'उतरली' असे आपण म्हणतो. शब्द अगदी बरोबर आहे!

डोंगर जितका उंच, तितका उतरताना जोर जास्त. पाण्याची टाकी उंच बांधली म्हणजे नळाला जोर येतो ना, तसेच. विजेच्या ह्या जोराला व्होल्ट ह्या मापाने मोजतात. टॉर्चमधल्या एका साध्या सेलचा जोर दीड व्होल्ट. ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिशाची घरे असतात, त्यातल्या एका घराचा जोर दोन व्होल्ट.

लिथियमची अशी जा-ये करणारी बॅटरी आधी स्टॅन्ले व्हिटिंगहॅम नावाच्या शास्त्रज्ञाने केली. हे मूळचे इंग्लंडचे. १९७० नंतरच्या काळात ते अमेरिकेत एक्सॉन ह्या तेल कंपनीत कामाला होते. त्यांच्या बॅटरीत एका बाजूला टायटॅनियम धातू आणि गंधक यांचा पदार्थ होता, आणि दुसऱ्या बाजूला नुसते लिथियम. जोर दोन व्होल्टांहून थोडा अधिक. पण नुसते लिथियम ठेवणे धोक्याचे होते. पुन्हा पुन्हा चार्ज केले की त्याला मिशांसारखे धागे फुटत, ते मधला पडदा फोडून पलीकडे पोचत आणि भडका उडे. त्या प्रयोगशाळेत आग विझवणाऱ्यांना इतक्यांदा धावावे लागले, की शेवटी ते म्हणाले, ही आग विझवायला लागणाऱ्या खास औषधांचे पैसे आता तुम्हीच भरा.

गुडइनफसाहेबांनी ह्या बॅटरीचा विचार केला. गंधकाच्या जागी प्राणवायू धरून बसलेला पदार्थ घेतला तर जोर वाढेल, असे त्यांचे गणित त्यांना सांगत होते. कड्या भाजण्यात चोवीस वर्षे गेली होती, ती इथे कामाला आली. असे पदार्थ आतून कसे असतात हे त्यांना तळहातासारखे ठाऊक होते.

त्यांनी प्रश्न असा घातला. एका पदार्थात आधीच लिथियम बसलेले आहे. त्यातून किती लिथियम बाहेर काढले तर तो पदार्थ ढासळेल? जपानहून आलेले कोइची मिझुशिमा आणि आणखी दोघे सहकारी कामाला लागले. निरनिराळ्या धातूंचे असे पदार्थ तपासून पाहिले. शेवटी कोबाल्ट धातूचा पदार्थ चांगला ठरला. लिथियमची आणि कोबाल्टची भुकटी एकत्र घोटायची आणि सुमारे ९०० अंश उष्णतेत भाजायची. पाणी उकळते ते १०० अंशांना, यावरून ती भट्टी किती तापलेली असेल ते ओळखा. भाजून जी काळी भुकटी तयार होते, ती आतून फडताळासारखी असते. एक फळी कोबाल्ट आणि प्राणवायूची, वर लिथियमचा थर, परत फळी, परत लिथियम. फडताळातले डबे काढावेत तसे लिथियम फळ्यांमधून बाहेर काढता येते आणि परत ठेवता येते. जवळजवळ निम्मे काढले तरी फडताळ उभे राहते. त्याहून फार काढले तर मात्र कोसळते.

आणि जोर किती? चार व्होल्ट! ही गोष्ट १९८० साली छापून आली.

ह्यात आणखी एक शहाणपणाची गोष्ट होती. लिथियम आता आधीपासून ह्या काळ्या भुकटीतच बसलेले होते. त्यामुळे दुसऱ्या बाजूला त्या भांडखोर धातूचा नुसता पत्रा ठेवण्याची गरज उरली नाही. तिथे नुसते रिकामे कोठार असले की पुरे. पण तसे कोठार अजून कोणी केले नव्हते.

ह्या शोधाचे त्या वेळी काय झाले, ऐका. नवी वस्तू काढली की सरकारी दप्तरात तिचा हक्क नोंदवता येतो. मग दुसऱ्याने ती करून विकली तर शोधणाऱ्याला पैसा मिळतो. ह्याला पेटंट म्हणतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाने पेटंटचा खर्च करायला नकार दिला. बॅटरीच्या कंपन्यांनाही रस नव्हता. शेवटी इंग्लंडच्या एका सरकारी प्रयोगशाळेने पेटंट घेतले, पण अट घातली की साहेबांनी आपला हक्क लिहून द्यावा. साहेबांनी दिला. पुढे ह्या बॅटरीवर जगात अफाट पैसा झाला, त्या हक्कातून गुडइनफसाहेबांना एक दमडी मिळाली नाही. ही वस्तू एवढी मोठी होईल हे तेव्हा आपल्यालाही कळले नव्हते, असे ते म्हणत. त्यांनी मनाला लावून घेतले नाही, हे खरे. पण मला विचाराल तर हा व्यवहार काही न्यायाचा झाला नाही. आणि कागदावर सही करण्याआधी तो नीट वाचावा आणि दुसऱ्याला दाखवावा, हे तुम्हाआम्हालाच नव्हे, मोठ्या प्राध्यापकालाही लागू आहे.

रिकामे कोठार शोधून काढले जपानमध्ये. अकिरा योशिनो हे तिथल्या असाही कासेई ह्या कंपनीत रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी गुडइनफसाहेबांचा लेख वाचला आणि काळी भुकटी एका बाजूला घेतली. दुसऱ्या बाजूला त्यांनी खनिज तेलाच्या गाळापासून केलेला कोळसा ठेवला. कोळशाच्या थरांत लिथियम निमूटपणे जाऊन बसते. १९८५ साली ही बॅटरी तयार झाली. योशिनोंनी तिच्यावर लोखंडाचे मोठे वजन टाकून पाहिले. काही झाले नाही. तसेच वजन नुसत्या लिथियमच्या बॅटरीवर टाकले, तर मोठा स्फोट झाला. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने अशा बॅटऱ्या बाजारात आणल्या. त्या चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये बसवल्या, मग सगळीकडे.

इकडे ऑक्सफर्डमध्ये गुडइनफसाहेबांची साठी उलटली होती. तिथल्या नियमाने त्यांना लवकरच निवृत्त व्हावे लागणार होते. त्यांना तर काम सोडायचे नव्हते. १९८६ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी बिऱ्हाड उचलले आणि अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिन गावी गेले. त्यांच्याबरोबर ऑक्सफर्डहून अरुमुगम मंथिराम नावाचे एक तरुण रसायनतज्ज्ञही गेले. तामिळनाडूतल्या एका खेड्यात जन्मलेला आणि मद्रासच्या आय.आय.टी.त डॉक्टर झालेला हा मुलगा. पुढे तेही त्याच विद्यापीठात मोठे प्राध्यापक झाले.

ऑस्टिनला साहेबांच्या पंच्याहत्तरीच्या सुमारास दुसरा मोठा शोध लागला. कोबाल्ट महाग असतो. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतो. तिथल्या कित्येक खाणींत गरीब माणसे हाताने खणतात, त्यांत लहान मुलेही सापडली आहेत. शिवाय फार तापले तर कोबाल्टची भुकटी आपला प्राणवायू सोडते, आणि प्राणवायू मिळाला की आग भडकते. चुलीला फुंकर घातल्यावर काय होते ते तुम्ही जाणताच. १९९७ साली गुडइनफसाहेबांनी दोन सहकाऱ्यांसह लोखंड आणि फॉस्फेट यांचा पदार्थ पुढे आणला. सहकाऱ्यांची नावे पाढी आणि नंजुंडस्वामी. आपल्याच देशातली वाटतात की नाही? फॉस्फेट तर तुमच्या ओळखीचे आहे. खताच्या पोत्यावर ते नाव तुम्ही वाचले असेल. ह्या पदार्थात प्राणवायू फॉस्फरसला घट्ट धरून बसतो, सहसा सुटत नाही. म्हणून आगीचे भय कमी. जोर जरा कमी, साडेतीन व्होल्टांच्या आत. पण लोखंड स्वस्त आणि मुबलक. आधी ह्या पदार्थातून वीज नीट वाहत नसे. मग दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याच्या कणांवर काजळीसारखा पातळ लेप दिला आणि काम साधले. आज सौर दिव्यांत आणि विजेवरच्या पुष्कळ बसगाड्यांत अशाच बॅटऱ्या असतात.

साहेब नव्वदी ओलांडल्यावरही प्रयोगशाळेत जात. त्यांचे हसणे इतके मोठे होते, की ओसरीच्या त्या टोकाला ऐकू येई आणि पोरे म्हणत, साहेब आले. ते स्वतःला कासवाच्या जातीतला म्हणवून घेत. कासव हळू चालते, पण पुष्कळ वर्षे चालते आणि वाटेत बरेच काही गोळा करते. म्हातारपणी त्यांचे सगळेच बरोबर आले असे मात्र नाही. २०१७ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी काचेच्या पदार्थाच्या एका नव्या बॅटरीची घोषणा केली. तिच्याबद्दल पुष्कळ शास्त्रज्ञांनी शंका काढल्या. शास्त्रात असेच असते. नाव कितीही मोठे असो, दुसऱ्याला पडताळता आले तरच खरे.

९ ऑक्टोबर २०१९ रोजी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. शास्त्रात ह्याहून मोठा मान नाही. ते तिघांना मिळून मिळाले, व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो. गुडइनफसाहेब त्या वेळी लंडनला होते, दुसरे एक मोठे पदक घ्यायला गेले होते. वय सत्त्याण्णव वर्षे. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही. ते हसून म्हणाले, सत्त्याण्णव वर्षे जगा, म्हणजे काहीही करता येते! पारितोषिक घेणाऱ्याला स्वीडन देशात एक व्याख्यान द्यावे लागते. गुडइनफसाहेबांच्या वतीने ते व्याख्यान दिले त्यांच्या सहकाऱ्याने, तामिळनाडूच्या मंथिराम यांनी.

साहेब २५ जून २०२३ रोजी ऑस्टिनला वारले. आणखी एक महिना जगते तर एकशे एक वर्षांचे झाले असते.

हे सगळे मी वर्गात सांगितले. कोठारे, डोंगर, फडताळ, सगळे फळ्यावर काढून दाखवले. मग सांगितले, की बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, चुलीत किंवा उकिरड्यावरच्या आगीत टाकू नका. आत फोडून पाहण्याचा नाद तर मुळीच नको. आतला ओलावा पेट घेणारा असतो.

दुसऱ्या दिवशी त्या बाई आपल्या मुलाचा जुना मोबाइल घेऊन आल्या. पाठीमागचे झाकण सरकवून बॅटरी बाहेर काढली आणि दिव्याजवळ धरली. तिच्यावर इंग्रजी आकडे होते. आकडे त्या आता ओळखतात. बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचले, "तीन... टिंब... सात. गुरुजी, हा जोर ना?"

मी म्हटले, "हो. पण साहेबांचे चार व्होल्ट कुठे गेले, सांगा बरे?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माणसं उतरत आली की जोर कमी होत असेल."

अगदी बरोबर. पुरी भरली की चारच्या थोडी वर, उतरत आली की तीनच्या जवळ. मधला आकडा छापतात, ३.७.

"आणि ह्याच्या खाली हे एक हजार लिहिलंय ते कसलं?"

तो साठ्याचा आकडा. टाकी किती उंच हे वरच्या आकड्यावरून कळते, टाकीत पाणी किती मावते हे ह्या खालच्या आकड्यावरून. त्याचा हिशेब पुढच्या पाठात करू. तोवर आपापल्या घरातल्या बॅटरीवरचे दोन्ही आकडे पाटीवर उतरवून आणा. झाकण सहज निघत नसेल तर ओढाताण करू नका, शेजाऱ्याच्या बॅटरीवरचे उतरवा.